युद्धदोष आणि साम्राज्यवाद : १९१४ च्या महायुद्धाच्या कारणमीमांसेची एक चिकित्सा

२८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे जो तह झाला त्यातील २३१ व्या कलमाइतका वाद आधुनिक काळातील दुसऱ्या कोणत्याही तहाच्या एखाद्या वाक्याने क्वचितच निर्माण केला असेल. जर्मनी व तिचे मित्र ह्यांच्या आक्रमणामुळे दोस्त राष्ट्रांवर युद्ध लादले गेले आणि त्यातून त्या राष्ट्रांची जी हानी झाली तिचे उत्तरदायित्व जर्मनी मान्य करते, असा त्या कलमाचा आशय आहे. ‘दोष’ अथवा ‘अपराध’ हा शब्द त्यात कोठेही नाही. नॉर्मन डेव्हिस व जॉन फॉस्टर डलेस ह्या दोघा अमेरिकनांनी त्याचा मसुदा केला तो मुख्यतः नुकसानभरपाईला कायदेशीर आधार मिळावा म्हणून. आणि लगेच पुढच्या २३२ व्या कलमात, संपूर्ण भरपाई करण्याइतकी जर्मनीची ऐपत नाही, हेही मान्य केलेले आहे. ऑस्ट्रिया व हंगेरी ह्यांच्याशी जे तह झाले त्यांतही अशीच कलमे होती. त्यांच्यावरून एवढे वादळ उठले नाही. परंतु जर्मनीत ह्या कलमाचे वाचन पहिल्यापासूनच नैतिक दोषारोप म्हणून झाले, आणि त्या वाचनाने पुढील अर्धशतकाच्या इतिहाससंशोधनाची दिशा ठरविली. हानीची भरपाई कोणी करावी हा दिवाणी स्वरूपाचा प्रश्न; युद्ध कोणाच्या निर्णयाने पेटले हा घटनांच्या क्रमाचा प्रश्न; आणि अशी युद्धे ज्या जगात संभवतात ते जग कसे घडले हा तिसराच प्रश्न. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे ह्या वादात जो गोंधळ माजला तो अद्याप पुरता निवळलेला नाही. प्रस्तुत लेखात विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी. ह्या युद्धाने इतिहासकारांना जेवढे राजकीय दप्तर अल्पावधीत खुले करून दिले तेवढे पूर्वी कोणत्याही युद्धाने दिले नव्हते. १९१७ च्या नोव्हेंबरात बोल्शेविकांनी झारशाहीचे गुप्त करार प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. १९१९ साली कार्ल काउट्‌स्की ह्याने जमविलेले जर्मन कागदपत्र छापले गेले. त्यानंतर १९२२ ते १९२७ ह्या पाच वर्षांत जर्मन परराष्ट्र कार्यालयाने ‘डी ग्रोसे पोलिटिक’ ह्या नावाने चाळीस खंड काढले. ब्रिटनने गूच व टेम्पर्ली ह्यांच्या संपादनाखाली १९२६ पासून आपले खंड काढले, फ्रान्सने १९२९ पासून. ह्या प्रकाशनांचा विद्वत्तेला लाभ झाला ह्यात संशय नाही. मात्र जर्मन परराष्ट्र कार्यालयात युद्धदोषाच्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र शाखाच उघडण्यात आली होती आणि ह्याच विषयाला वाहिलेले एक मासिक त्या कार्यालयाच्या आश्रयावर चालत होते, हे विसरून चालणार नाही.

माझ्या मते ह्या चाळीस खंडांतील सर्वांत परिणामकारक संपादकीय निर्णय कोणतेही पत्र गाळण्याचा नव्हता. तो आरंभाचे वर्ष निवडण्याचा होता. हे खंड १८७१ पासून सुरू होतात. १९१४ च्या जुलै महिन्याचा जाब देण्यासाठी त्रेचाळीस वर्षांचा पत्रव्यवहार पुढे मांडला, की त्या एका महिन्यातील निर्णय आपोआपच लहान दिसू लागतात. प्रत्येक कृतीमागे पूर्वीची एक कृती, प्रत्येक संशयामागे पूर्वीचा एक अपमान सापडतो, आणि शेवटी दोष कोणा एकाकडे राहतच नाही. ह्या विषयावरील कोणताही ग्रंथ हाती घेतल्यावर विद्यार्थ्याने प्रथम पाहावे ते हे, की कथा कोणत्या वर्षी व कोणत्या गावी सुरू होते. निष्कर्षाचा अर्धा भाग तेथेच ठरून गेलेला असतो.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ह्या प्रश्नावर जे लेखन झाले त्यात सिडने फे ह्याचा १९२८ चा ग्रंथ समतोलाचा आदर्श मानला जात असे. सर्व महासत्तांवर कमीअधिक उत्तरदायित्व पडते व एकट्या जर्मनीवर ते टाकणे इतिहासाला धरून नाही, असे त्याचे मत. हॅरी एल्मर बार्न्स ह्याने त्याही पुढे जाऊन दोष मुख्यतः फ्रान्स व रशिया ह्यांच्या माथी मारला. बर्नाडॉट श्मिट ह्याने १९३० साली जर्मनीविरुद्धचा पक्ष पुन्हा मांडला. ह्या सर्वांहून सखोल काम केले ते ल्विजी आल्बेर्तिनी ह्याने. हा व्यवसायाने इतिहासकार नव्हता. मुसोलिनीच्या राजवटीत मिलानच्या एका थोर वृत्तपत्राच्या संपादकपदावरून दूर झालेला हा गृहस्थ उर्वरित आयुष्य जुलै १९१४ च्या एकेका तारेचा माग काढीत राहिला. त्याचे तीन खंड त्याच्या मृत्यूनंतर, १९४२-४३ मध्ये, ऐन दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाचकांपर्यंत पोचण्यास त्यांना आणखी दहा वर्षे लागली. पुढे फिशरने जे सांगितले त्यातील बरेचसे आल्बेर्तिनीच्या पानांत विखुरलेले आढळते.

आता साम्राज्यवादाच्या सिद्धान्ताकडे वळू. हॉब्सनचा ग्रंथ १९०२ चा. त्याच्यासमोर होते ते बोअर युद्ध, युरोपीय महायुद्ध नव्हे. देशांतर्गत उपभोग अपुरा, म्हणून भांडवल बाहेर जाते, आणि भांडवलाच्या मागोमाग झेंडा जातो, असा त्याचा युक्तिवाद. हिल्फरडिंगने १९१० मध्ये बँका व उद्योग ह्यांच्या एकीकरणाचे विवेचन केले. लेनिनने १९१६ साली झुरिक येथे बसून जी पुस्तिका लिहिली ती ह्या दोघांवर उभी आहे. मक्तेदारी, वित्तभांडवल, भांडवलाची निर्यात, आंतरराष्ट्रीय मक्तेदार संघांमधील वाटणी आणि अखेर महासत्तांमध्ये पृथ्वीची पूर्ण झालेली वाटणी, असा तिचा क्रम आहे. ही पुस्तिका झारच्या अभ्यवेक्षकांच्या हातून सुटावी म्हणून परप्रदेश बळकावण्याचे उदाहरण देताना लेनिनला रशियाचे नाव घेता आले नाही. त्याने जपान व कोरिया ह्यांचे नाव घेतले. १९१७ च्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच वाचकांना सांगितले की, जपानच्या जागी रशिया आणि कोरियाच्या जागी फिनलंड, पोलंड, युक्रेन इत्यादी नावे वाचावीत. पुढे अनेकांनी ही पुस्तिका कंठस्थ केली, परंतु प्रस्तावनेतील ही सूचना मात्र फारशी मनावर घेतली नाही.

ह्या सिद्धान्तावरचे नेहमीचे आक्षेप सर्वपरिचित आहेत आणि त्यांत तथ्य आहे. भांडवलाचा नकाशा व वसाहतींचा नकाशा जुळत नाही. युद्धापूर्वी फ्रान्सच्या परदेशी गुंतवणुकीपैकी सुमारे एक चतुर्थांश रशियात होती. स्वतःच्या वसाहतींत तिचा एक दशांशही नव्हता. ब्रिटनचे निम्म्याहून अधिक भांडवल साम्राज्याबाहेर, त्यातही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर, गुंतलेले होते. जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींचे आर्थिक महत्त्व तर अगदीच क्षुल्लक. शिवाय ज्या दोन राष्ट्रांचे साम्राज्यविषयक तंटे सर्वांत जुने, त्या ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी १९०४ साली ते मिटविले. ब्रिटन व रशिया ह्यांनी १९०७ साली इराण, अफगाणिस्तान व तिबेट ह्यांविषयी करार केला. आणि ब्रिटन व जर्मनी? १९१४ च्या जूनमध्ये, सारायेव्होच्या गोळीबाराला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, बगदाद रेल्वेच्या प्रश्नावर उभय पक्षांच्या प्रतिनिधींनी मसुद्यावर आद्याक्षरी केली होती. वसाहतींवरून युद्ध व्हावयाचे तर ते १८९८ मध्ये फाशोदा येथे किंवा १९११ मध्ये आगादीरच्या प्रसंगी व्हावयास हवे होते. ते झाले बोस्नियाच्या एका शहरातील हत्येवरून.

तथापि एवढ्यावर लेनिनचा निकाल लावणे घाईचे होईल. काउट्‌स्कीने १९१४ च्या सप्टेंबरात ‘अतिसाम्राज्यवाद’ ह्या कल्पनेद्वारे महासत्ता परस्परांत करार करून जगाची शांततेने वाटणी करतील अशी शक्यता मांडली होती, आणि लेनिनचे सारे विवेचन त्याच्या खंडनार्थच आहे. करार होतात हे लेनिन नाकारीत नाही. राष्ट्रांची वाढ विषम गतीने होते, म्हणून कालचा करार आजच्या बलाबलाशी जुळेनासा होतो, एवढेच तो म्हणतो. तेव्हा बगदाद रेल्वेच्या कराराने त्याचे खंडन होत नाही. त्याचे खरे दौर्बल्य दुसरीकडे आहे. ज्या सिद्धान्ताने १९०४ चा करारही समजतो व १९१४ चे युद्धही समजते, त्या सिद्धान्ताने ‘आत्ताच का?’ ह्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. भूमी भूकंपप्रवण आहे हे सांगणारा शास्त्रज्ञ खोटे बोलत नाही. परंतु घर कोणी पेटविले ह्या चौकशीत त्याची साक्ष फार उपयोगाची नसते.

सिद्धान्त खरोखर बळकट ठरतो तो एका ठिकाणी, आणि पाठ्यपुस्तकांनी नेमके तेच ठिकाण उपेक्षिले आहे. ते म्हणजे उस्मानी साम्राज्य. तेथे कर्जे, रेल्वे, जकात आणि लष्करी सल्लागार ह्यांच्या द्वारे युरोपीय सत्तांचा शिरकाव झालेला होता. प्रदेश नाममात्र स्वतंत्र, परंतु तिजोरी परक्यांच्या देखरेखीखाली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला. १९११ मध्ये इटलीने लिबियावर हल्ला केला. हे तर शुद्ध वसाहतवादी युद्ध. त्या युद्धाने तुर्कांचे हात गुंतलेले पाहून बाल्कन राज्यांनी १९१२ मध्ये चढाई केली, सर्बियाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला, आणि व्हिएन्नातील युद्धवाद्यांना सर्बियाचा निकाल लावण्याची निकड वाटू लागली. त्रिपोलीपासून सारायेव्होपर्यंतची ही साखळी अवघ्या तीन वर्षांची आहे. आफ्रिकेतील लूट व युरोपातील युद्ध ह्यांचा संबंध डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताने १९१५ सालीच एका निबंधात जोडून दाखविला होता, लेनिनच्या आधी. परंतु युद्धकारणांच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव क्वचितच भेटते.

साम्राज्यवादाच्या सिद्धान्ताचा जो दुरुपयोग झाला त्याकडे आता लक्ष दिले पाहिजे. सर्वच महासत्ता साम्राज्यवादी, सबब कोणीच विशेष दोषी नाही, हा निष्कर्ष बर्लिनच्या राष्ट्रवादी पंडितांनाही सोयीचा होता आणि मॉस्कोच्या क्रांतिकारकांनाही. पहिल्यांना त्यातून जर्मनीची सुटका हवी होती, दुसऱ्यांना सर्वांची एकदम शिक्षा. ह्याउलट, एकट्या जर्मनीचा दोष सिद्ध झाला की लंडन व पॅरिस येथील मंडळींना आपापल्या साम्राज्याविषयी कोणी प्रश्न विचारीनासे होत. एकाने व्यवस्थेकडे बोट दाखवून कर्त्याला लपविले, दुसऱ्याने कर्त्याकडे बोट दाखवून व्यवस्थेला लपविले. हा डावपेच १९१४ पुरता मर्यादित नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर जे सर्वंकष आक्रमण केले त्यानंतर जगभर, आणि आपल्या वर्गांतूनही, जी वादावादी झाली तिची मांडणी हुबेहूब हीच होती. एक पक्ष पाश्चात्त्य लष्करी संघाच्या पूर्वेकडील विस्ताराचा इतिहास सांगून आक्रमणाचा निर्णय पुसट करी. दुसरा पक्ष त्या निर्णयाचा उच्चार करून इराकची २००३ सालची आठवण काढणाऱ्यास गप्प बसवी. पार्श्वभूमी समजावून सांगणे आणि निर्णयाचे समर्थन करणे ह्या भिन्न क्रिया आहेत, एवढे जरी विद्यार्थ्यांना १९१४ च्या अभ्यासातून उमगले तरी पुष्कळ झाले.

ह्या वादाला खरी कलाटणी मिळाली ती १९६१ साली, हॅम्बुर्गच्या फ्रिट्झ फिशर ह्याच्या ग्रंथाने. तत्पूर्वी १९५१ मध्ये गेरहार्ड रिटर व पिएर रनुव्हँ ह्यांच्या पुढाकाराने जर्मन व फ्रेंच इतिहासकारांनी, १९१४ मध्ये कोणत्याही शासनाने वा जनतेने जाणूनबुजून युरोपीय युद्ध योजिले नव्हते, असे पाठ्यपुस्तकांसाठी एकमताने ठरविले होते. हे ठरविण्यामागे दोन शेजाऱ्यांत पुन्हा सलोखा व्हावा हा स्तुत्य हेतू होता. परंतु हेतू स्तुत्य असला म्हणून ठराव खरा ठरत नाही. फिशरने दप्तरातून बाहेर काढलेला प्रमुख कागद म्हणजे ९ सप्टेंबर १९१४ चा, चॅन्सेलर बेथमान होल्वेग ह्याच्या कार्यालयातील युद्धहेतूंचा आराखडा. बेल्जियमला मांडलिक करणे, फ्रान्सच्या लोखंडाच्या खाणी घेणे, मध्य युरोपात जर्मनीच्या नेतृत्वाखाली जकातसंघ उभारणे, मध्य आफ्रिकेत सलग वसाहती साम्राज्य निर्माण करणे आणि रशियाला पूर्वेकडे मागे रेटणे, अशा मागण्या त्यात आहेत. ज्या दिवशी ह्या कागदावर तारीख पडली त्याच दिवशी मार्नच्या लढाईत जर्मन सैन्याची माघार सुरू झाली, हा योगायोग इतिहासाच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणावा लागेल.

फिशरवर जी टीका झाली तिच्यात विद्वत्तेइतकाच संताप होता. रिटर हा स्वतः हिटलरच्या तुरुंगात जाऊन आलेला. परंतु बिस्मार्कपासून हिटलरपर्यंत एक सरळ रेषा ओढली जात आहे ह्या कल्पनेने तो व्यथित झाला. १९६४ मध्ये फिशरच्या अमेरिकेतील व्याख्यानदौऱ्यास मंजूर झालेले अनुदान पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने काढून घेतले. अमेरिकन विद्वानांनी निषेध करून पर्यायी व्यवस्था केली. एका शासनाने पन्नास वर्षांपूर्वीच्या शासनाची अब्रू राखण्यासाठी असा हस्तक्षेप करावा, ह्यावरूनच हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता हे दिसून येते.

फिशरच्या पद्धतीत मात्र एक उणीव आहे आणि ती त्याच्या चाहत्यांनीही मान्य केली पाहिजे. सप्टेंबरातील हेतूंवरून जुलैमधील हेतू सिद्ध करता येत नाही. युद्ध पेटल्यानंतर, विजय दृष्टिपथात असता, प्रत्येक सत्तेने लुटीची यादी केली. रशियाला कॉन्स्टँटिनोपल, फ्रान्सला आल्सेस-लोरेन, ब्रिटनला तुर्की अमलाखालील अरब मुलूख. १९६९ च्या दुसऱ्या ग्रंथात फिशरने ८ डिसेंबर १९१२ च्या बैठकीवर भर देऊन ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. त्या बैठकीत सेनापती मोल्टके ह्याने युद्ध जितक्या लवकर तितके बरे असे सांगितले आणि टिर्पिट्झने आरमारासाठी दीड वर्षाची मुदत मागितली, हे खरे. कील कालव्याचे रुंदीकरण १९१४ च्या जूनमध्ये पुरे झाले हेही खरे. परंतु त्या बैठकीस चॅन्सेलर स्वतः उपस्थित नव्हता, आणि तिच्यातून युद्धाची निश्चित योजना निघाल्याचा पुरावा तोकडा आहे. युद्धाची इच्छा असणे, युद्धाची तयारी असणे आणि युद्धाचा धोका पत्करणे ह्या तीन अवस्थांतील सीमारेषा फिशरने पुसट केल्या. असे असूनही त्याचे मोठे श्रेय हे, की त्याने साम्राज्यवादाचा प्रश्न आणि युद्धदोषाचा प्रश्न एकाच दप्तरातून तपासला. ‘जागतिक सत्ता’ होण्याची आकांक्षा ही हवेतली व्यवस्था नसून विशिष्ट कार्यालयांतील विशिष्ट माणसांच्या टिपणांत ती कशी उतरते, हे त्याने दाखविले. लेनिनच्या सिद्धान्ताला नावे, तारखा व सह्या प्रथम फिशरने पुरविल्या असे म्हटले तर ते दोघांनाही रुचले नसते. पण म्हणावयास हरकत नाही.

अर्धशतकानंतर, २०१२ मध्ये, ख्रिस्तोफर क्लार्क ह्याचा ‘द स्लीपवॉकर्स’ हा ग्रंथ आला आणि जर्मन भाषांतर निघताच जर्मनीत त्याचा प्रचंड खप झाला. ग्रंथाची सुरुवात होते ती १९०३ मध्ये बेलग्रेड येथे झालेल्या राजा अलेक्झांडर व राणी द्रागा ह्यांच्या हत्येने. आरंभाविषयी वर जे म्हटले आहे त्याचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. सर्बियन लष्करातील गुप्त मंडळी, त्यांचा म्होरक्या ‘आपिस’, रशियाचे बाल्कनमधील धोरण व त्यास फ्रान्सचा दुजोरा, हे सर्व क्लार्कने ज्या बारकाईने रंगविले आहे तेवढे पूर्वी कोणी रंगविले नव्हते. ही ग्रंथाची कमाई निर्विवाद आहे. परंतु क्लार्क म्हणतो की दोषाचा प्रश्नच आपण विचारीत नाही. आपल्याला ‘का’ पेक्षा ‘कसे’ ह्यात रस आहे. येथे माझा मतभेद आहे. प्रश्न विचारला नाही म्हणून उत्तर दिले जात नाही असे नव्हे. पानांची वाटणी हाही एक निवाडाच असतो. सर्बियाला ग्रंथारंभीचे मानाचे स्थान आणि बर्लिनच्या निर्णयांना इतर राजधान्यांच्या बरोबरीचे स्थान दिले, की वाचकाच्या मनात दोषाची समान विभागणी न बोलताच होऊन जाते. शिवाय शीर्षकातील रूपक ग्रंथाच्याच पुराव्याशी विसंगत आहे. झोपेत चालणाऱ्यास आपण काय करीत आहोत ह्याचे भान नसते. क्लार्कची पात्रे मात्र अहोरात्र जागी आहेत. ती हिशेब करतात, एकमेकांना फसवितात, तारा रोखून ठेवतात. त्यांचा हिशेब चुकला असेल. पण हिशेब चुकणे आणि झोपेत असणे ह्यांत अंतर आहे.

जुलैच्या घटनाक्रमाची सर्वांना मान्य अशी चौकट घेतली तरी काय दिसते? ५ व ६ जुलैला कैसर व बेथमान होल्वेग ह्यांनी ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले, तेव्हा रशिया युद्धात पडण्याचा संभव त्यांनी विचारात घेतला होता. २३ जुलैचा निर्वाणीचा खलिता फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष पोआंकारे रशियाचा किनारा सोडीपर्यंत मुद्दाम रोखून धरण्यात आला. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचा सहभाग तेवढा नाकारला. २८ जुलैच्या सकाळी ते उत्तर वाचून खुद्द कैसरनेच युद्धाचे कारण उरले नाही असा शेरा मारला. परंतु त्याचा तो अभिप्राय व्हिएन्नास पोचला तो उशिरा आणि पातळ होऊन, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. ह्यानंतर ३० जुलैला रशियाने सार्वत्रिक सैन्यजमवाजमवीचा हुकूम काढला. शॉन मॅकमीकिनसारखे लेखक ह्या हुकुमाला मूळ कारण मानतात. त्या हुकुमाने तडजोडीचा अवधी आटला हे खरे, आणि तो काढणाऱ्यांनी त्याचा परिणाम ओळखला होता हेही खरे. तरी तो पाच आठवड्यांच्या नाटकाच्या शेवटच्या अंकातील आहे. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याने आपला हेतू वेळीच स्पष्ट केला नाही, ही तक्रारही न्याय्य आहे, परंतु ती निष्काळजीपणाची तक्रार आहे. तात्पर्य, व्हिएन्ना व बर्लिन येथील निर्णयांवर अधिक भार पडतो. हा भार एकट्याचा नाही, तसा समानही नाही. आणि हे निर्णय घेणाऱ्यांना जे गमावण्याची भीती होती ते, म्हणजे ‘महासत्ता’ हे पद, साम्राज्यवादी व्यवस्थेनेच मोलाचे करून ठेवलेले होते.

येथवरचा सर्व वाद महासत्तांच्या आपसातील आहे. ज्या लोकांचे युद्ध त्यांना न विचारता पुकारले गेले त्यांची बाजू ह्या हिशेबात कोठे बसते? ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरताच हिंदुस्थानही आपोआप युद्धमान राष्ट्र झाले. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. साठ हजारांहून अधिक परतली नाहीत. हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंडांची ‘देणगी’ ब्रिटनला देण्यात आली. मेसोपोटेमियात उतरलेल्या सैन्याचा कणा म्हणजे सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली, त्यांत ह्या पलटणी होत्या, आणि कैदेतील वाटचालीत त्यांतले असंख्य मेले. ह्या मोहिमेचा पहिला हेतू इराणी आखातातील तेल व बसरा ह्यांचे रक्षण हा होता. इराणी तेलाच्या कंपनीतील बहुसंख्य भाग ब्रिटिश शासनाने १९१४ मध्येच विकत घेतले होते. सारायेव्हो कोठे, बेल्जियम कोठे, आणि रत्नागिरी-साताऱ्याचा शिपाई तैग्रिसच्या चिखलात कोठे! बेल्जियमच्या तटस्थतेसाठी हे युद्ध आहे असे सांगणारा ग्रंथ ह्या शिपायाच्या मृत्यूचे कारण सांगू शकत नाही. तेथे हॉब्सन व लेनिन ह्यांच्याकडेच जावे लागते.

परंतु आपली बाजूही निर्मळ होती असे समजण्याचे कारण नाही. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, सुधारणांचा जो मसुदा लिहिला तो आगाखान ह्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात, जर्मन पूर्व आफ्रिका जिंकली गेल्यास ती हिंदी लोकांच्या वसाहतीसाठी राखून हिंदुस्थान सरकारच्या स्वाधीन करावी, अशी सूचना आहे. गोखल्यांसारख्या न्यायनिष्ठ पुरुषाच्या लेखणीतून ती उतरावी ह्यावरून साम्राज्याची कल्पना साम्राज्याच्या प्रजेच्या मनातही किती खोल रुजली होती हे कळते. त्या भूमीवर राहणाऱ्या आफ्रिकी लोकांचे मत विचारावे, हे तेव्हा पुण्यालाही सुचले नाही, लंडनलाही नाही. लोकमान्य टिळकांचा मार्ग वेगळा होता. मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये सुटून आल्यावर ऑगस्टात त्यांनी राजनिष्ठेचे निवेदन काढले. परंतु सैन्यभरतीला पाठिंबा देताना स्वराज्याचा हक्क त्यांनी सोडला नाही, आणि १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन ह्याने राजकीय प्रश्नावर बोलू न दिल्यामुळे ते सभा सोडून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी लंडनहून शांतता परिषदेचा अध्यक्ष क्लेमांसो ह्यास पत्र लिहून हिंदुस्थानसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला.

त्या परिषदेत हिंदुस्थानला स्थान होते, पण ते निराळ्या प्रकारचे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्यानंतर अडीच महिन्यांनी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह ह्यांनी सह्या केल्या. जर्मनीच्या आक्रमणाने आपल्यावर युद्ध लादले गेले, ह्या विधानाला अशा रीतीने एका परतंत्र देशाचीही साक्ष मिळाली. ह्याच तहाच्या ११९ व्या कलमान्वये जर्मनीने आपल्या सर्व समुद्रापारच्या वसाहती दोस्त राष्ट्रांच्या स्वाधीन केल्या. वसाहतींतील कारभार जर्मनीला नीट करता आला नाही, असे त्याचे एक कारण देण्यात आले. गोखल्यांनी मागितलेली पूर्व आफ्रिका ब्रिटन व बेल्जियम ह्यांनी ‘विश्वस्त’ ह्या नात्याने वाटून घेतली. युद्धदोषावरील ग्रंथांत २३१ व्या कलमाची चर्चा पानोपानी आढळते. ११९ वे कलम त्याच्याशेजारी ठेवून वाचलेले क्वचितच दिसते, वास्तविक दोन्ही कलमांखालच्या सह्या त्याच माणसांच्या आहेत.